फुलपाखरांची तिकिटं जमवायची, पण कोणती?

कोकणातल्या एका पालकांचा प्रश्न आहे. मुलगी सहावीत, फुलपाखरांचं वेड. तिच्या वाढदिवसाला त्यांनी ‘दोनशे वेगवेगळी फुलपाखरं’ असं लिहिलेलं टपाल तिकिटांचं पाकीट ऑनलाइन मागवलं. आत निम्मी तिकिटं कधी नाव न ऐकलेल्या देशांची. ओळखीतल्या एका जुन्या संग्राहकाने ती पाहून ‘हा सगळा कचरा’ असं सांगितलं आणि मुलगी हिरमुसली. आता त्यांना विचारायचं आहे की पुढे काय घ्यावं, खर्च किती करावा, कोकणातल्या दमट हवेत हे टिकेल का आणि पुढेमागे याला किंमत येईल का.

फुलपाखरं आणि पतंग या विषयावर मी बऱ्याच वर्षांपासून संग्रह करते आणि प्रदर्शनांत मांडते, म्हणून सविस्तर लिहिते. तुम्ही ‘काय घ्यावं’ असं विचारलंत, पण या विषयात खरी अडचण ‘काय सोडावं’ ही आहे. फुलपाखरू रंगीत, सगळ्यांना आवडणारं, म्हणून जवळपास प्रत्येक देशाने ते तिकिटावर आणलं. काही देशांनी तर केवळ संग्राहकांना विकायला आणलं. सगळी जमवू म्हणाल तर पैसे संपतील, संग्रह पुरा होणार नाही आणि मुलीचा रस मध्येच आटेल. तेव्हा आधी पाकिटाकडे वळू, मग निवडीकडे.

‘कचरा’ हा शब्द मला मान्य नाही. तो संग्राहक असं का म्हणाला असेल, हे मात्र समजून घ्यायला हवं. पाकिटात अजमान, शारजा, फुजैरा, उम्म अल कैवेन, मनामा अशी नावं असणार. आजच्या संयुक्त अरब अमिरातीतली ही छोटी राज्यं. यातलं मनामा हे अजमानच्या ताब्यातलं एक गाव, बहरीनची राजधानी नव्हे. १९६० च्या दशकात यातल्या काहींनी परदेशी व्यापाऱ्यांशी करार केले. फिनबार केनी हा अमेरिकन व्यापारी त्यांतला सर्वांत प्रसिद्ध. तिकिटं परदेशात छापली जायची आणि थेट संग्राहकांच्या बाजारात जायची. त्या गावांतून जाणाऱ्या पत्रांना इतकी तिकिटं कधीच लागली नसती. १९७१ च्या डिसेंबरात संघराज्य झालं आणि त्यानंतर हा प्रकार थांबला. स्टॅनली गिबन्स या ब्रिटिश कंपनीच्या तिकिटांच्या कॅटलॉगने यातली पुष्कळ तिकिटं मुख्य यादीत न घेता परिशिष्टात टाकली.

दुसरा मोठा गठ्ठा हंगेरी, पोलंड, बल्गेरिया, मंगोलिया यांचा असेल. हे देश खरे, टपालखाती खरी, चित्रं तर अप्रतिम. पण तिकीट उलटं करून पाहा. पुढे कोपऱ्यात पाव वर्तुळाएवढा सुबक शिक्का आणि मागे डिंक जसाच्या तसा असेल, तर ते कुठल्याच पत्रावर लागलेलं नाही. टपालखात्याने शीटवर आधीच शिक्का मारून ते स्वस्तात विकलेलं आहे. याला संग्राहक सीटीओ (कॅन्सल्ड टू ऑर्डर, म्हणजे मागणीनुसार शिक्का मारलेलं) म्हणतात. चार तिकिटं जोडून ठेवली की शिक्का नेमका मधल्या चौकात बसतो, ही त्याची हमखास खूण.

तर मुलीला सांगा की पाकिटाचे तीन ढीग कर. पत्रावर खरोखर लागलेली, सीटीओ आणि विक्रीसाठीच काढलेली. हे करताना ती शिक्का वाचायला, डिंक बघायला, नकाशात देश शोधायला शिकेल. पहिले दोन ढीग संग्रहात चालतील. तिसरा चित्र म्हणून वहीत राहू द्या, फुलपाखरं ओळखायचा सराव त्यावर करता येतो. फक्त त्यावर आणखी पैसे घालू नका.

आजही असा माल बाजारात येतो. ज्या प्रदेशांना स्वतंत्र टपालखातंच नाही त्यांच्या नावाने फुलपाखरांच्या देखण्या शीट्स विकल्या जातात. २००२ नंतरच्या तिकिटांबाबत शंका आली तर डब्ल्यूएनएस ही नोंदणी बघावी. जागतिक टपाल संघटनेच्या पुढाकारातून ती त्या वर्षी सुरू झाली आणि सहभागी टपालखाती आपली अधिकृत तिकिटं तिथे नोंदवतात. नोंद सापडली तर निर्धास्त घ्या. सगळेच देश यात नाहीत, त्यामुळे नोंद नाही म्हणजे तिकीट खोटं असा अर्थ मात्र होत नाही. अशा वेळी कॅटलॉग पाहावा.

आता निवड. इथे बरंच काही मुलीला नेमकं कशाचं वेड आहे यावर अवलंबून आहे. रंगांचं आहे, की अळीपासून फुलपाखरू होण्याचं, की कुठल्या देशात काय उडतं याचं? तिला विचारा आणि ती सांगेल तिथून सुरुवात करा. तिच्या वतीने तुम्ही ठरवू नका. मला विचाराल तर देशवार किंवा संख्यावार जमवण्यापेक्षा एखादा प्रश्न धरून जमवावं. म्हणजे काय ते उदाहरणांनी सांगते.

ब्रिटनने १३ मे १९८१ रोजी चार फुलपाखरांचा संच काढला. चित्रं गॉर्डन बेनिंगफील्ड यांची. त्यात १८ पेन्सच्या तिकिटावर लार्ज ब्लू आहे. हे तिकीट विक्रीला आलं तेव्हा ब्रिटनमध्ये हे फुलपाखरू उरलेलंच नव्हतं. दोन वर्षं आधी, १९७९ मध्ये, ते तिथून नाहीसं झालं होतं. का झालं, हे फार विलक्षण आहे. याची अळी सुरुवातीला थाइम या सुगंधी झुडपाची फुलं खाते, मग जमिनीवर उतरते. एका विशिष्ट जातीच्या तांबड्या मुंग्या तिला आपलंच पिल्लू समजून वारुळात नेतात आणि तिथे ती मुंग्यांच्या अळ्या खाऊन वाढते. या मुंग्यांना उन्हाने तापलेली, आखूड गवताची जमीन लागते. गवत आखूड ठेवायचे ससे आणि चरणारी जनावरं. १९५३ मध्ये ब्रिटनमध्ये सशांचा मिक्झोमॅटोसिस हा रोग पोचला, ससे प्रचंड संख्येने मेले. कित्येक उतारांवरची चराईही बंद झाली. गवत वाढलं, जमीन थंड झाली, त्या मुंग्या गेल्या आणि मुंग्यांपाठोपाठ फुलपाखरू. पुढे स्वीडनहून आणून ते पुन्हा वसवलं गेलं, त्या प्रयत्नाची सुरुवात १९८३ ची.

आता या एका तिकिटाभोवती पान कसं उभं राहतं बघा. मधे लार्ज ब्लू. एका बाजूला थाइमचं तिकीट, मग मुंगीचं, सशाचं, चरणाऱ्या मेंढ्यांचं, स्वीडनचं एखादं. यातलं फुलपाखराचं तिकीट एकच, बाकीची त्याची गोष्ट सांगणारी. ती बहुतेक स्वस्तात मिळतात, कारण फुलपाखरं जमवणारे ती शोधतच नाहीत. माझ्या मते विषयवार संग्रहाचा सगळा आनंद इथे आहे. प्रदर्शनात परीक्षकही हेच पाहतात. आंतरराष्ट्रीय नियमांत विषयवार मांडणीच्या १०० गुणांपैकी ३५ मांडणीच्या आराखड्याला, विस्ताराला आणि नावीन्याला, ३० ज्ञानाला, ३० तिकिटांची स्थिती आणि दुर्मिळता यांना आणि ५ सजावटीला. किती तिकिटं जमवली, याला वेगळा गुणच नाही.

आपल्याकडची तिकिटं तर आधी घ्यायलाच हवीत. भारताने २० ऑक्टोबर १९८१ रोजी चार फुलपाखरं काढली, छापील किमती ३५ पैसे, ५० पैसे, १ रुपया आणि २ रुपये. चारांची बेरीज ३ रुपये ८५ पैसे. त्या काळी देशाची टपाल तिकिटं आपल्या नाशिक रोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापली जात. दोन रुपयांच्या तिकिटावर कैसर-ए-हिंद आहे, पूर्व हिमालयातलं हिरव्या झळाळीचं, उंच झाडांच्या शेंड्यांवर वेगाने फिरणारं फुलपाखरू. आता ते अरुणाचल प्रदेशचं राज्य फुलपाखरू आहे. ३५ पैशांवरचं नॉर्दर्न जंगल क्वीनही ईशान्येकडचंच.

या संचातलं १ रुपयाचं तिकीट मुलीला अभ्यासाला द्या. कॅटलॉगांत त्यावरच्या फुलपाखराचं नाव सायरेस्टिस अचॅटिस असं दिलेलं असतं. आपल्या जंगलांत दिसतं ते मॅप नावाचं फुलपाखरू, पंखांवर नकाशासारख्या बारीक रेघा असलेलं, त्याचं शास्त्रीय नाव सायरेस्टिस थायोडामस. दोन्ही एकाच कुळीतली, पण जाती वेगळ्या. बटरफ्लाइज ऑफ इंडिया या संकेतस्थळावर थायोडामसचे भरपूर फोटो आहेत. तिकीट भिंगाखाली धरून तिने रेघान् रेघ ताडून पाहावी आणि आपलं मत पानावर लिहावं. सहावीतल्या मुलीला हे जमतं. मोठ्यांपेक्षा मुलांची नजर अशा कामात जास्त चालते, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

त्यानंतर २००८ च्या जानेवारीत आलेला अंदमान-निकोबारच्या प्रदेशनिष्ठ फुलपाखरांचा संच घ्या, म्हणजे फक्त त्या बेटांवरच आढळणाऱ्या जाती. या दोन संचांवर ‘भारतातली फुलपाखरं कुठे राहतात’ असं एक प्रकरण सहज होतं.

शेजारचा भूतान विसरू नका. १९६८ मध्ये त्यांनी फुलपाखरांची त्रिमितीय तिकिटं काढली. वर बारीक उभ्या रेषांचं प्लास्टिक, तिकीट हलवलं की फुलपाखराला खोली आल्यासारखं दिसतं. मुलांना ही फार आवडतात. पाण्यात मात्र ती कधीही घालायची नाहीत.

इतिहासाकडे तिचा कल असेल तर सारावाक पाहा. बोर्निओ बेटावरच्या या राज्याने १९५० मध्ये १ सेंटच्या तिकिटावर राजा ब्रूक्स बर्डविंग हे काळं-हिरवं फुलपाखरू आणलं. निश्चित जात ओळखता येईल असं फुलपाखरू मुख्य चित्र म्हणून आलेलं हे पहिलं तिकीट, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. त्या जातीला हे नाव निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी १८५५ मध्ये सारावाकचे गोरे राजे जेम्स ब्रूक यांच्या सन्मानार्थ दिलं. १९४६ मध्ये ब्रूक घराण्याने राज्य ब्रिटिश सरकारच्या हवाली केलं. त्यामुळे तिकिटावर राजाचं नाव मिरवणारं फुलपाखरू आहे, आणि चेहरा आहे ब्रिटनच्या राजाचा, सहाव्या जॉर्जचा. एवढ्याशा कागदात साम्राज्याचा केवढा इतिहास मावला आहे! हे १ सेंटचं तिकीट साधं, आवाक्यातलं आहे.

उलट चीनचा १९६३ चा वीस फुलपाखरांचा संच तूर्त बाजूला ठेवा. जगातल्या सर्वांत देखण्या फुलपाखरू तिकिटांत मी तो धरते. पण त्याला मागणी जबरदस्त आहे, किंमत तशीच आणि नकलाही निघालेल्या आहेत. जाणकाराने पाहिल्याशिवाय घेऊ नये.

आता माझी सर्वांत लाडकी तिकिटं, आणि ही तुम्हाला फुकट मिळू शकतात. अमेरिकेत चौरस किंवा वेड्यावाकड्या आकाराचं पाकीट छाननी यंत्रातून जात नाही, ते हाताने हाताळावं लागतं, म्हणून त्याला जादा शुल्क पडतं. २०१० मध्ये अमेरिकी टपालखात्याने खास यासाठी मोनार्क फुलपाखराचं ६४ सेंटचं तिकीट काढलं. साध्या पत्राला तेव्हा ४४ सेंट पडत आणि वरचे २० सेंट हे जादा शुल्क. शुभेच्छापत्रांच्या कंपन्यांनी अशा पाकिटांवर तिकिटाच्या जागी फुलपाखराची आकृती छापायला सुरुवात केली, म्हणजे गिऱ्हाइकाला कळावं की इथे फुलपाखराचं तिकीट लावायचं. पुढच्या वर्षांत याच कामासाठी टायगर स्वॉलोटेल, कॅलिफोर्निया डॉगफेस अशी वेगवेगळी फुलपाखरं येत राहिली. इथे फुलपाखरू शोभेपुरतं राहिलेलं नाही, त्याला टपालातलं एक नेमकं काम मिळालं आहे. आपल्या मराठी घरांत कुणी ना कुणी अमेरिकेत असतंच. त्यांना सांगा की लग्नाची आमंत्रणं, वाढदिवसाची कार्डं आली की पाकीट टाकू नका, तसंच्या तसं जपून ठेवा. तिकीट फाडून मात्र पाठवू नका म्हणावं. शिक्का, तारीख आणि पाकिटाचा आकार दिसला तरच ती गोष्ट पुरी होते.

यावरून धुण्याचा मुद्दा. पाकिटावरची जुनी, डिंकाची तिकिटं गार किंवा किंचित कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवली की आपोआप सुटतात. ओढायची नाहीत. कोऱ्या कागदावर पालथी वाळवायची आणि मग जाड पुस्तकाखाली दाबायची. रंगीत कागदावरची तिकिटं वेगळ्या भांड्यात, कारण कागदाचा रंग तिकिटाला लागतो. अलीकडची अमेरिकी स्वयंचिकट तिकिटं पाण्यात सुटत नाहीत. ती भोवती बोटभर कागद ठेवून कापून घ्या. तारीख स्पष्ट असलेलं, नीट पोचलेलं पाकीट असेल तर कात्री लावूच नका, अख्खं ठेवा.

कोकणातल्या हवेचं काय? यावर माझा सल्ला काही संग्राहकांना पटणार नाही, पण अनुभवाने देते आहे. तुमच्याकडे कोऱ्या तिकिटांपेक्षा वापरलेली तिकिटं जमवा. कोऱ्या तिकिटामागचा डिंक पावसाळ्यात हवेतलं पाणी ओढतो, तिकीट पानाला चिकटतं, वळतं आणि मग तपकिरी ठिपके पडतात. हे ठिपके बुरशीचे, ते शेजारच्या तिकिटांवरही येतात. धुतलेल्या तिकिटाला डिंकच नसतो, त्यामुळे निम्मी चिंता मिटते. भारतीय संच कोरे घ्यायचे असतील तर प्रत्येक तिकीट स्वतंत्र पारदर्शक माउंटमध्ये घाला.

स्टॉक बुक, म्हणजे तिकिटं पट्ट्यांत खोचून ठेवायची वही, उभं ठेवा. आडव्या थप्पीत वजनाने तिकिटं दबतात. समुद्राकडच्या किंवा पावसाचा मारा असलेल्या भिंतीला लागून असलेलं कपाट टाळा. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, रंग बदलला की गरम करून पुन्हा वापरता येतात. झड लागलेली असताना वही उघडू नका. स्वच्छ ऊन पडलं की खोलीत, सावलीत, पानं उलटून हवा द्या. स्वस्त मऊ प्लास्टिकचे अल्बम मात्र घेऊच नका, त्या प्लास्टिकमधली रसायनं हळूहळू छपाईला चिकटतात. आणि चिमटा पहिल्या दिवसापासून वापरायचा. तिकिटांचाच घ्या, चपट्या टोकाचा. सौंदर्यप्रसाधनांतला दातेरी चिमटा कागदाला खुणा पाडतो.

खर्चाबद्दल आकडा सांगणं कठीण, तो घराघराप्रमाणे बदलतो. स्टॉक बुक, चिमटा, भिंग एवढा सुरुवातीचा खर्च. पुढे महिन्याला एक ठरावीक छोटी रक्कम ठेवा आणि ती मुलीच्या हातात द्या. मर्यादा असली की ती निवड करायला शिकते. नव्या भारतीय तिकिटांसाठी मुंबई जीपीओसारख्या मोठ्या टपाल कार्यालयांत फिलाटेली ब्युरो, म्हणजे तिकीट संग्राहकांसाठीचा विभाग, असतो. तिथे डिपॉझिट खातं उघडलं की नवी तिकिटं छापील किमतीत घरपोच येतात. हे खातं मुलीच्याच नावाने उघडा. टपालखात्याची दीनदयाळ स्पर्श ही २०१७ पासूनची शिष्यवृत्ती सहावी ते नववीच्या मुलांसाठी आहे, वर्षाला ६,००० रुपयांची. त्यासाठी शाळेच्या फिलाटेली क्लबचं सदस्यत्व किंवा स्वतःचं असं खातं लागतं. प्रश्नमंजुषा आणि प्रकल्प अशी निवड असते. अर्जाची सूचना कधी निघते यावर टपाल कार्यालयात लक्ष ठेवा. तुमची मुलगी नेमकी त्या वयात आहे.

किंमत येईल का? खरं सांगायचं तर १९६० नंतरची फुलपाखरांची बहुतेक तिकिटं लाखांनी छापली गेली आणि लोकांनी ती जपूनही ठेवली. पुरवठा मुबलक आहे. गुंतवणूक म्हणून यात पैसे घालू नका, कुणी तसं सांगून विकत असेल तर त्याच्याकडून घेऊ नका. नीट अभ्यासलेल्या, मांडलेल्या संग्रहाला मात्र प्रदर्शनांत मान मिळतो.

थोडक्यात, या महिन्यात एवढंच करा: पाकिटाचे तीन ढीग, १९८१ चा भारतीय संच, ब्रिटनचा त्याच वर्षीचा १८ पेन्सचा लार्ज ब्लू आणि अमेरिकेतल्या नातेवाइकांना एक फोन. आणि अंगणात कढीलिंब किंवा लिंबू असेल तर पानं उलटून बघायला सांगा तिला. लाइम आणि कॉमन मॉरमॉन ही फुलपाखरं त्यावरच अंडी घालतात. आपलं राज्य फुलपाखरू नीलवंत, म्हणजे ब्लू मॉरमॉन, हेही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढतं. महाराष्ट्राने २०१५ मध्ये त्याला हा मान दिला, राज्य फुलपाखरू जाहीर करणारं हे देशातलं पहिलं राज्य. अळी सापडली की तारीख, झाड आणि तिने स्वतः काढलेलं चित्र एका पानावर घ्या. त्याच पानावर लिंबाचं तिकीट, मॉरमॉनच्या कुळातलं एखादं तिकीट, आणि तुमच्या गावच्या पोस्टाचा स्पष्ट शिक्का असलेलं एक कव्हर, म्हणजे टपालाचं पाकीट. तो शिक्का पोस्टमास्तरांना विनंती करून नीट, पूर्ण गोल उमटवून घ्या. असं पान झालं की त्याचा फोटो पाठवा, पुढचं पान कसं आखायचं ते मी तिला सांगेन.